संदर्भांचं बिऱ्हाड हलवताना: सहा हजार नोंदी झोटेरोत कशा नेल्या

मे महिन्यात कोकणात घरोघरी आगोटीची धावपळ असते. कौलं परतायची, लाकडं माळ्यावर चढवायची, सुकी मासळी डब्यांत भरायची. मी त्याच महिन्यात माझं संदर्भांचं बिऱ्हाड हलवायला काढलं. सुमारे ६,२०० नोंदी, १४ जीबी पीडीएफ. विषय रत्नागिरी-राजापूरचे कातळी सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारं): त्यांवरचं गवत, पाणी आणि अलीकडे तिथली कातळशिल्पं. बरंचसं मेंडेलीत, त्याआधीचं एका जुन्या एंडनोट लायब्ररीत, आणि जायचं होतं झोटेरोत. (हे तिन्ही लेख-पुस्तकांच्या नोंदी आणि पीडीएफ सांभाळणारे, लिहिताना संदर्भ घालून देणारे प्रोग्रॅम.) पंधरा दिवस लागले. त्यातले दहा वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मे निवडण्याचं कारण सरळ आहे. मिरग लागला की आमच्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही पाहुण्यासारखी येतात-जातात. आयात चालू असताना मध्येच संगणक बंद पडला तर अर्धवट भरलेली लायब्ररी निस्तरण्यापेक्षा सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करणं सोपं पडतं. तेव्हा चार्ज केलेला लॅपटॉप किंवा इन्व्हर्टर हवाच, आणि संगणक आपोआप झोपी जाण्याची सेटिंग त्या दिवसापुरती बंद ठेवा.

आधी, हलवायचंच का?

प्रबंध सहा महिन्यांत सादर करायचा असेल तर हलवू नका. हे मी अगदी निक्षून सांगते. लिहून झालेल्या प्रकरणांतली अवतरणं (म्हणजे मजकुरात कंसात घातलेले संदर्भ) जुन्या प्रोग्रॅमला बांधलेली असतात आणि ती सोडवण्यात जे आठवडे जातात ते शेवटच्या सहा महिन्यांत कोणाकडे नसतात. हाताशी दोनशेच नोंदी असतील तर या लेखातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही. एका संध्याकाळी काम होईल.

बाकीच्यांसाठी हलवण्याची कारणं खरी आहेत. मेंडेलीचा जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम सप्टेंबर २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येत नाही. ज्यांच्या संगणकावर तो अजून आहे त्यांचा तो संगणक जाईपर्यंतच. एंडनोट विकत घ्यावं लागतं, आणि संस्थेचं लायसन्स संपलं की प्रश्न उभा राहतो. झोटेरो २००६ पासून आहे, मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि त्याची सगळी माहिती तुमच्याच संगणकावर एका फोल्डरात असते.

नोंदी जातात, गाठी सुटतात

लेखक, शीर्षक, वर्ष हे कुठल्याही प्रोग्रॅममधून कुठल्याही प्रोग्रॅममध्ये जातं. त्यासाठी आरआयएस आणि बिबटेक हे साधे मजकुरी साचे आहेत. पण मोठ्या लायब्ररीची किंमत नोंदींमध्ये नसते. ही पीडीएफ या नोंदीची, या पानावरची पिवळी खूण माझी, हा लेख त्या गटातला, आणि प्रकरण तीनमधला कंस या नोंदीला जोडलेला: या चार गाठी म्हणजे तुमची पाच-दहा वर्षांची मेहनत. आरआयएस यातल्या बहुतेक गाठी सोडून मोकळा होतो. म्हणून ‘एक्स्पोर्ट दाबलं, इम्पोर्ट दाबलं, ६,२०० आकडा जुळला’ यावर समाधान मानू नका. मी मानलं होतं.

झालं असं की माझ्या मेंडेलीच्या मोफत खात्याची २ जीबीची मर्यादा कधीच भरली होती. पुढच्या पीडीएफ फक्त माझ्या संगणकावर राहिल्या, सर्व्हरवर चढल्याच नाहीत. झोटेरोची मेंडेलीसाठीची आयात सर्व्हरवरून होते, त्यामुळे तिने जे तिथे होतं ते नीट आणलं: नोंदी सगळ्या, फायली थोड्या. खात्याची जागा किती भरली ते मी वर्षभर पाहिलं नव्हतं, दोष माझाच. तुम्ही पहिल्याच दिवशी पाहा.

बॅकअप, तोही दोन गावांत

जुना प्रोग्रॅम पूर्ण बंद करा आणि मग कॉपी करा. एंडनोटमध्ये लायब्ररीची एक फाइल असते आणि त्याच नावाचं शेवटी ‘डेटा’ लिहिलेलं फोल्डर. दोन्ही हवीत, एकट्या फाइलला पीडीएफ सापडत नाहीत. मेंडेलीतून बिबटेक आणि आरआयएस दोन्ही काढून ठेवा आणि पीडीएफचं फोल्डर वेगळं उचला. झोटेरोचं फोल्डर सहसा तुमच्या वापरकर्ता-फोल्डरात ‘झोटेरो’ याच नावाने असतं. आयात करण्याआधीची त्याची कॉपी म्हणजे चुकलात तर परतीचा रस्ता.

पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल चढत नाही. माझी १४ जीबीची झिप कॉपी होताना अडली ती याचमुळे. ड्राइव्ह एक्सफॅट करून घ्या किंवा झिप न करता फोल्डर तसंच कॉपी करा.

दुसरी कॉपी दुसऱ्या गावात ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअप डिस्क एकाच वेळी पाण्याखाली जाऊ शकतात, हे सगळ्या कोकणाला कळलं. माझी एक डिस्क देवरुखला भावाकडे असते.

जुन्या घरातच झाडून घ्या

हा भाग मराठी नोंदी असणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिलं दुखणं जुन्या फॉन्टचं. युनिकोड रुळण्याआधी मराठी ज्या फॉन्टांत टाइप व्हायचं त्यांत अक्षर आतून रोमन असायचं आणि फॉन्ट त्याला देवनागरी कपडे घालायचा. नव्या प्रोग्रॅममध्ये कपडे उतरतात आणि शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरं-चिन्हांची खिचडी दिसते. अशा नोंदी शीर्षकानुसार लावल्या की वर किंवा खाली एकत्र सापडतात. फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोड करून घ्या, पण प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात.

दुसरं दुखणं दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दोन पद्धतींनी साठवता येतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह: ‘किनार्‍यावर’. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. आमच्या विषयात ‘कोकण किनाऱ्यावरील’ने सुरू होणारी शीर्षकं ढिगाने, त्यामुळे एकच लेख दोनदा आहे हे दुबार-शोधाला कळत नाही आणि तुम्ही शोधलंत तर निम्मेच लेख दिसतात. तीच गत दऱ्या, पऱ्या, खाऱ्या पाण्याची. ‘ॲ’ आणि ‘अॅ’चीही. उपाय: निर्यात केलेली मजकुरी फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) ओळखणाऱ्या संपादकात, उदाहरणार्थ नोटपॅड प्लस प्लसमध्ये, उघडा आणि जुनं रूप शोधून नवं ‘ऱ्’ सरसकट घाला. अदृश्य जोडचिन्ह नुसतं पुसून टाकू नका. मग तिथे रफार चढतो आणि ‘किनार्यावर’ उरतं.

ही फाइल चुकूनही एक्सेलमधून फिरवू नका. साध्या सीएसव्हीत साठवलंत तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

तिसरं, वर्ष. तारखेच्या रकान्यात ‘१९८२’ असं देवनागरी अंकांत लिहिलं असेल तर झोटेरोला त्यातलं वर्ष उमगत नाही. वर्षाचा स्तंभ रिकामा दिसतो आणि अवतरणात वर्ष नीट उमटत नाही. तारखेत इंग्रजी अंक (1982) घाला. जुन्या पुस्तकांवर नुसतं शक असतं: शके १८९४ असेल तर ७८ मिळवून १९७२, आणि पौष ते फाल्गुनातलं काही असेल तर ७९ मिळवायला लागू शकतात. इसवी सन तारखेत ठेवा, मूळ शक ‘एक्स्ट्रा’ रकान्यात.

चौथं, लेखकाचं नाव. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले पां. वा. काणे माझ्या लायब्ररीत चार माणसं म्हणून राहत होते: ‘काणे, पां. वा.’, ‘पांडुरंग वामन काणे’, ‘म. म. (महामहोपाध्याय) काणे’ आणि रोमन लिपीतले. आडनाव-स्वल्पविराम-नाव हा एकच साचा ठरवा; डॉ., प्रा., म. म., सौ. काढून टाका, नाहीतर अर्धी ग्रंथसूची ‘ड’ खाली जाऊन बसते. रोमन आणि देवनागरी मात्र एकत्र करू नका, जे पुस्तक ज्या लिपीत तिचंच नाव.

पण ‘डॉ.’ सरसकट शोधून उडवाल तर डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची नोंद मोडेल. शिवाय तिच्यापुढे ‘, दापोली’ लिहिलेलं असलं तर स्वल्पविराम पाहून प्रोग्रॅम ठरवतो की आडनाव ‘डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ’ आणि पाळण्यातलं नाव दापोली. संस्था-लेखक नेहमी एकाच रकान्यात लिहावा. झोटेरोत लेखकाच्या नावाशेजारी एक-रकानी आणि दोन-रकानी यांत बदल करणारं बटण आहे. दापोली प्रकाशन-स्थळात जाईल.

टॅग साफ करताना आणखी एक सांभाळा. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग रत्नागिरीपासून वेगळा झाला. कुलाब्याचं नावही १९८१ मध्येच रायगड झालं. म्हणजे १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमधली सावंतवाडी आणि १९६० च्या दशकातल्या लेखातलं ‘रत्नागिरी जिल्ह्यातलं मालवण’ यांना आजचा जिल्हा-टॅग लावायचा का, हे तुम्हीच ठरवायचं. मी जुना टॅग तसाच ठेवून आजचा दुसरा जोडला. कातळशिल्प, खोदचित्र, पेट्रोग्लिफ, जिओग्लिफ हे मात्र एकाच टॅगखाली आणले. झोटेरोत एका टॅगचं नाव बदलून दुसऱ्यासारखंच केलं की दोन्ही आपोआप एक होतात.

दहा नोंदींची रंगीत तालीम

सगळं एकदम ओतायच्या आधी दहा नोंदी निवडा, आणि त्या मुद्दाम खोडकर निवडा. दोन लेखकांचं मराठी पुस्तक, संपादित ग्रंथातलं एक प्रकरण, संस्था-लेखकाचा अहवाल, अप्रकाशित प्रबंध, दोन पीडीएफ जोडलेला लेख, भरपूर खुणा केलेली पीडीएफ, लेखकच नसलेलं गॅझेटियर, एक नकाशा. चौल-वसईवर काम करणाऱ्यांनी एक पोर्तुगीज शीर्षकही घ्यावं: भाषेचा रकाना रिकामा असेल तर काही शैली ते इंग्रजी समजून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतात. भाषेच्या रकान्यात पोर्तुगीजचा संक्षेप घातला की थांबतात.

या दहा आयात करा, ग्रंथसूची काढा, कागदावर छापून पेन्सिलीने तपासा. काय हरवतं ते इथेच कळतं. आयात करताना ‘नव्या कलेक्शनमध्ये ठेवा’ (कलेक्शन म्हणजे झोटेरोतला गट) हा पर्याय चालू असू द्या, म्हणजे तालीम फसली तर कलेक्शन नोंदींसकट उडवता येतं.

आता खरी हलवाहलव

त्याआधी झोटेरोच्या सिंक सेटिंगमध्ये जाऊन फायलींचं सिंक बंद करा. मोफत जागा ३०० एमबीच आहे आणि १४ जीबी आत येताच ती चढवायला सुरुवात झाली तर तुमचं इंटरनेट आणि ती जागा दोन्ही दुपारपर्यंत संपतील. नोंदींच्या सिंकला जागेची मर्यादा नाही, पण तेही तपासणी झाल्यावरच चालू करा.

*मेंडेलीतून.* आधी मेंडेली पूर्ण सिंक होऊ द्या. मग झोटेरोच्या ‘फाइल’ मेनूतल्या ‘इम्पोर्ट’मध्ये मेंडेलीचा ऑनलाइन पर्याय निवडून खात्याने आत शिरा. या वाटेने फोल्डर, सर्व्हरवरच्या पीडीएफ आणि त्यांवरच्या खुणा येतात. मेंडेलीतल्या खुणा पीडीएफमध्ये नसून त्याच्या माहितीकोशात असतात, म्हणून नुसत्या पीडीएफ कॉपी केल्या तर त्या मागेच राहतात. हीच वाट धरायचं हे एक कारण पुरेसं आहे. या वाटेत मजकुरी फाइल हाती येत नाही, तेव्हा वरची देवनागरी सफाई एकतर आधी मेंडेलीत करा किंवा नंतर झोटेरोत मराठी नोंदी एकत्र लावून हाताने. माझ्या सातशे मराठी नोंदींना चार संध्याकाळ लागल्या.

सर्व्हरवर नसलेल्या पीडीएफचं काय? त्या थेट झोटेरोत ओढून टाका. ज्यांत डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) आहे त्यांची नोंद झोटेरो स्वतः शोधून बनवतो. मग ‘डुप्लिकेट’ विभागात जुनी आणि नवी नोंद एकत्र केली की पीडीएफ जुन्या नोंदीखाली जाते. एकत्र करायला दोन्हींचा प्रकार एकच हवा, एक ‘लेख’ आणि दुसरी ‘अहवाल’ असेल तर आधी प्रकार बदला. मराठी स्कॅन केलेल्या पीडीएफ ओळखल्या जाणार नाहीत. त्या एकेक उचलून नोंदीवर सोडाव्या लागतात. रेडिओ लावून बसा.

*एंडनोटमधून.* निर्यात एक्सएमएल साच्यात करा. ती एक्सएमएल फाइल लायब्ररीच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये, म्हणजे आत जिथे ‘पीडीएफ’ नावाचं उपफोल्डर दिसतं तिथे, ठेवा आणि तिथूनच झोटेरोत आयात करा. बाहेर डेस्कटॉपवर ठेवून आयात केली तर नोंदी येतात, पीडीएफ येत नाहीत. पत्ता त्या फोल्डरपासून मोजलेला असतो. याच एक्सएमएलवर आयातीआधी ‘ऱ’ची दुरुस्ती करता येते.

एंडनोटचे गट एक्सएमएलमध्ये उतरत नाहीत. निर्यातीआधी एकेक गट उघडा आणि एकगठ्ठा फील्ड बदलायच्या सोयीने त्यातल्या सगळ्या नोंदींच्या कीवर्डमध्ये ‘गट-सडा-पाणी’ असा शब्द घाला. झोटेरोत तो टॅग होऊन येतो. टॅगवर टिचकी, सगळ्या नोंदी निवडा, नव्या कलेक्शनमध्ये ओढा.

लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांनी आयातीआधी ‘बेटर बिबटेक’ हे प्लगइन बसवून घ्यावं. बिबटेक फाइलमधल्या जुन्या अवतरण-खुणा त्याने टिकतात. नाहीतर खुणा नव्याने बनतात आणि प्रबंधात प्रत्येक अवतरणाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं.

फायली ‘कॉपी करा’ की ‘जागच्या जागी जोडा’ असं विचारलं जाईल. कॉपी करा. डी ड्राइव्हचा पत्ता जोडून ठेवलात तर नव्या लॅपटॉपवर एकही उघडणार नाही. आणि झोटेरोचं मुख्य फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरात ठेवू नका, माहितीकोश बिघडतो. जास्त जागा हवी असेल तर झोटेरोची विकत घ्या किंवा संस्थेचा वेबडॅव्ह सर्व्हर (इंटरनेटवरून फायली ठेवायची जागा) असेल तर तो जोडा.

मोजणी

एकूण आकडा पहिला बघा, पण तिथे थांबू नका. प्रकारानुसार लावा: शंभर प्रबंध ‘लेख’ झाले असतील तर लगेच दिसेल. वर्षानुसार लावा, रिकामी वर्षं एकत्र येतील. जोडलेल्या फाइलच्या स्तंभानुसार लावा, पीडीएफ नसलेल्या नोंदी कळतील. मग डोळे मिटून पंचवीस नोंदी निवडा आणि प्रत्येकीची पीडीएफ खरंच उघडा. मला पंचविसात दोन अशा सापडल्या की नोंद एका लेखाची आणि आत पीडीएफ भलत्याच लेखाची; चूक जुन्या घरातली होती, तिथे ती कधी दिसली नव्हती.

लिहून झालेल्या प्रकरणांचं

वर्ड फाइलच्या कॉपीवरच प्रयोग करा. मेंडेलीच्या जुन्या डेस्कटॉप प्लगइनने घातलेली अवतरणं, लायब्ररी वरच्या मार्गाने आणली असेल तर, झोटेरो ओळखतो. नंतरच्या ‘मेंडेली साइट’ (Mendeley Cite) या प्लगइनने घातलेली ओळखत नाही. एंडनोटचीही थेट येत नाहीत, ती एकेक करून नव्याने घालावी लागतात. त्यामुळे जवळपास पूर्ण झालेला लेख जुन्या प्रोग्रॅममध्येच संपवा, नवं प्रकरण नव्यात सुरू करा. एकाच फाइलमध्ये दोघांची अवतरणं मिसळू नका. दोन ग्रंथसूच्या तयार होतात आणि दोन्ही अपुऱ्या.

जुनं घर कधी रिकामं करायचं

मी एक पावसाळा थांबले. जून ते सप्टेंबर नवं लिखाण सगळं झोटेरोत, जुन्या लायब्ऱ्या नुसत्या उघडण्यापुरत्या. चार महिन्यांत तीनदा तिकडे जावं लागलं: दोनदा हरवलेल्या पीडीएफसाठी आणि एकदा तारखेसाठी. बारसूला पहिल्यांदा गेले त्या आठवड्यात उतरवलेला एक लेख हवा होता, शीर्षक आठवत नव्हतं, आणि एंडनोटमधून आलेल्या सगळ्या नोंदींवर ‘जोडल्याची तारीख’ आयातीचीच पडली होती. तेव्हा जुनी लायब्ररी बंद करण्याआधी तीत नोंद जोडल्याच्या तारखेनुसार क्रम लावून यादीची एक छापील प्रत काढा. माझी आता पडवीतल्या कपाटात आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.